तळटीप उघडून कोण बघतं?

डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा रणजी सामना चालू होता. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद, महाराष्ट्र ४ बाद ८२६. डॉन ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विश्वविक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या. विश्रांतीनंतर काठियावाडचा संघ मैदानात उतरलाच नाही. राजकोटचे ठाकोरसाहेब त्यांचे कर्णधार. त्यांनी सामना सोडून दिला आणि निंबाळकरांची खेळी आहे तिथे संपली. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली कुठल्याही भारतीयाची ती आजही सर्वांत मोठी खेळी आहे, आणि ती खेळणाऱ्याला एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही.

आता असं धरा, की निंबाळकरांवरचा विकिपीडियाचा लेख तुमच्याकडे परीक्षणासाठी आला आहे. ४४३ हा आकडा बरोबर आहे का? आहे. त्याला तळटीप आहे का? आहे, कुठल्यातरी क्रिकेट संकेतस्थळावरच्या धावफलकाची. ८२६? तीच तळटीप. माहितीचौकट भरलेली, छायाचित्राचा परवाना ठीक, शुद्धलेखन बरं. शेरा मारून मोकळं व्हायला हरकत नाही. पण काठियावाडच्या कर्णधाराने नेमकं काय म्हटलं? महाराष्ट्राला डाव घोषित करायला सांगितलं होतं का, आणि कुणी नकार दिला? ब्रॅडमनचा विक्रम इतका जवळ आलाय हे त्या दुपारी मैदानावर किती जणांना माहीत होतं? या खेळीत सांगण्यासारखं जे आहे ते सगळं या प्रश्नांत आहे, आणि धावफलक त्याबद्दल अक्षर बोलत नाही. त्यासाठी त्या आठवड्यातले केसरी आणि सकाळचे अंक काढून बसावं लागतं. परीक्षकाने ते काढले का, असं कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. विकिपीडियावरच्या खेळविषयक लेखांचं परीक्षण लेखाच्या कपड्यांकडे बघतं, लेखाखालचे स्रोत वाचत नाही. आणि महाराष्ट्रातल्या खेळांच्या बाबतीत हे सुधारायचं असेल तर मराठी वाचता येणारी माणसं तिथे लेखक म्हणून कमी आणि परीक्षक म्हणून जास्त लागतील.

ज्यांनी विकिपीडिया फक्त वाचला आहे त्यांच्यासाठी ही व्यवस्था थोडक्यात. इंग्रजी विकिपीडियावर प्रत्येक लेखाला दर्जा दिलेला असतो. तळाला दोन-तीन ओळींचे खुंट, मग चढत्या पायऱ्या, वरच्या टोकाला ‘चांगला लेख’ आणि सर्वांत वर ‘विशेष लेख’. विशेष लेखाचा तारा साधारण हजारात एकालाच मिळतो आणि त्यासाठी अनेक जण मिळून लेख फाडून बघतात. ‘चांगला लेख’ ठरवताना मात्र एक जण लेख पुढे करतो आणि दुसरा एकटा तो तपासतो. लेखन नीट आहे का, पडताळता येतं का, विषयाची व्याप्ती पुरेशी आहे का, पक्षपात नाही ना, मजकूर स्थिर आहे का, चित्रं योग्य आहेत का, असे सहा निकष. याशिवाय पीअर रिव्ह्यू नावाची एक खिडकी आहे. तिथे तारा नाही, शिक्का नाही. इतर संपादक नुसता सल्ला देतात. मला स्वतःला ही खिडकी सगळ्यांत जास्त आवडते, कारण तिथे कुणाला काही जिंकायचं नसतं.

परीक्षकाला पदवी लागत नाही, नाव सांगावं लागत नाही. या गोष्टीवर आपल्याकडचे प्राध्यापक नाक मुरडतात, पण खरी अडचण ती नाही. अडचण ही की परीक्षक कोण आहे हे ठाऊक नसताना त्याच्या कामाचा दर्जा फक्त त्याच्या शेऱ्यांवरून कळू शकतो, आणि ते शेरे वाचले तर त्यांतले किती तरी गुणसंख्येतली आडवी रेघ आखूड हवी की लांब, तारीख कुठल्या क्रमाने लिहायची, एकच दुवा दोनदा का दिला, अशा गोष्टींचे असतात. या गोष्टी निरर्थक आहेत असं नाही. पण त्या तपासायला लेखाचा विषय माहीत असावा लागत नाही, म्हणून त्या तपासल्या जातात. अलीकडच्या वर्षांत ‘चांगला लेख’ ठरवताना काही तळटिपा प्रत्यक्ष उघडून पडताळल्याच पाहिजेत असा नियम करावा लागला. करावा लागला, यातच सगळं आलं.

खेळाच्या लेखांना हा रोग जास्त जडतो, त्याला कारण आहे. इतिहासावरच्या किंवा साहित्यावरच्या लेखात तळटिपा कमी असल्या की लगेच दिसतं. खेळाच्या लेखात तसं होत नाही. सामने, धावा, गोल, बळी, पदार्पणाची तारीख, प्रत्येक आकड्याला धावफलक असतो आणि प्रत्येक धावफलकाची तळटीप होते. दीडशे तळटिपांचा लेख सहज उभा राहतो. वाचून बघावं तर एका मोसमानंतर दुसरा मोसम, एका दौऱ्यानंतर दुसरा दौरा, आणि तो माणूस खेळायचा कसा हे शेवटपर्यंत कळत नाही. चेंडू कसा सोडायचा, पाय कुठे पडायचा, प्रेक्षक त्याच्यासाठी का यायचे? असल्या गोष्टी आकड्यांत नसतात. त्या समकालीन वार्तांकनात असतात, आठवणींच्या पुस्तकांत असतात.

आकड्यांवर लेख उभारण्याची ही सवय वरून नियमांनीच लावली होती. वर्षानुवर्षं इंग्रजी विकिपीडियावर क्रिकेटपटू एक प्रथम श्रेणी सामना खेळला की त्याचं पान होण्याला आडकाठी नव्हती. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या, ज्यांचं फक्त आडनाव टिकलं आहे अशा खेळाडूंचीही पानं झाली. ऑलिंपिकमध्ये एका स्पर्धेत धावून पहिल्याच फेरीत बाद झालेल्यांची हजारो पानं एकाच डेटाबेसवरून उतरवली गेली. २०२२ मध्ये मोठ्या वादानंतर ‘भाग घेतला म्हणून पान’ हा निकष काढून टाकला. पुढच्या वर्षी ऑलिंपिकपटूंची हजारभर खुंट-पानं मुख्य विश्वकोशातून उचलून कच्च्या मसुद्यांत ठेवली. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण सुचलं.

मात्र यात एक गोष्ट फारशी कुणी बोलली नाही. जुना निकष कुणाला सोयीचा होता? ज्यांच्या खेळाचा डेटाबेस आधीच तयार होता त्यांना. सांगली, धाराशिव किंवा ठाण्याच्या संघाकडून दहा-बारा वर्षं खो-खो खेळलेल्या, राष्ट्रीय स्पर्धा गाजवलेल्या खेळाडूसाठी असा दरवाजा कधीच उघडला नव्हता. तिच्या खेळाचा धावफलक कुठल्याही संकेतस्थळावर नाही. तो जिल्हा वृत्तपत्राच्या सातव्या पानावर चार ओळींत आहे, आणि ते वृत्तपत्र ग्रंथालयाच्या माळ्यावर बांधून ठेवलेलं आहे.

१९४८ चंच आणखी एक उदाहरण घ्या. त्या वर्षी ब्रॅडमनचा ऑस्ट्रेलियन संघ इंग्लंडचा दौरा अपराजित राहून परतला. संघात सतरा खेळाडू. इंग्रजी विकिपीडियावर त्या एका दौऱ्यातल्या प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीवर स्वतंत्र लेख लिहिला गेला, आणि त्यांतल्या कित्येकांना तारा मिळाला. रॉन हेमन्स हा फलंदाज त्या दौऱ्यात एकही कसोटी खेळला नाही. त्याच्याही दौऱ्याचा सविस्तर लेख आहे. मला यात वाईट काही वाटत नाही. उलट ज्यांनी हे केलं त्यांच्या चिकाटीला सलाम. पण हे का जमलं ते बघा. त्या दौऱ्यावर इंग्रजीत पुस्तकं होती, वार्षिकांक होते, वृत्तपत्रं होती, आणि परीक्षण करणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरच्या कपाटात त्यांतलं एखादं पुस्तक होतंच. त्यामुळे ‘हे पान क्रमांक १२० वर नाही’ असं कुणीतरी म्हणू शकत होतं. ताऱ्याचा भाव या एका वाक्याने ठरतो.

आता पळवणकर बंधूंकडे या. बाळू पळवणकर हे डावखुरे फिरकी गोलंदाज, चर्मकार समाजातले. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यांनी दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. मुंबईत तेव्हा धर्मावरून पाडलेल्या संघांची स्पर्धा व्हायची. तिथल्या हिंदू संघात त्यांना घेतलं, कर्णधारपद मात्र दिलं नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. १९३७ च्या निवडणुकीत बाळू मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. अशा माणसावरच्या लेखाचं परीक्षण धावफलकावर भागणार नाही हे उघड आहे. इंग्रजी वाचणारा परीक्षक इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या भारतीय क्रिकेटच्या इतिहासावरच्या पुस्तकापर्यंत येतो आणि समाधानाने थांबतो. पण गुहांनी ज्याचा आधार घेतला त्यात विठ्ठल पळवणकरांचं ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र आहे, तेही १९४८ चंच. गुहांनी त्यातलं काय घेतलं, काय सोडलं, विठ्ठल स्वतः भावाबद्दल काय म्हणतात आणि काय टाळतात, हे तपासणं मराठी न वाचणाऱ्या परीक्षकाच्या आवाक्याबाहेरचं आहे. मराठी वाचणारे आपण ते करत नाही, म्हणून ते होत नाही. दुसरं कारण नाही.

परीक्षण म्हटलं की आपल्याकडे लगेच उत्पाताचा, म्हणजे पानांच्या मुद्दाम केलेल्या नासधुशीचा, विषय निघतो. सप्टेंबर २०२२ मध्ये दुबईत पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून आसिफ अलीचा झेल सुटला आणि त्याच रात्री त्याच्या विकिपीडिया पानावर कुणीतरी ‘भारत’ काढून ‘खलिस्तान’ घातलं. केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने विकिपीडियाकडे खुलासा मागितला, वाहिन्यांवर चर्चा झडल्या. तो मजकूर पानावर टिकला काही मिनिटंच. संपादकांनी तो काढला होता आणि पान कुलूपबंद केलं होतं. द्वेषाने केलेला, ढळढळीत खोटा बदल पकडायला विकिपीडिया सरावलेला आहे. त्याला भ्यायचं कारण कमी आहे. भ्यायचं ते पटण्यासारख्या खोट्याला.

त्याचा नमुना फुटबॉलमध्ये आहे. २००८ मध्ये सायप्रसमधल्या ओमोनिया निकोसिया क्लबच्या पानावर कुणीतरी गंमत म्हणून लिहून ठेवलं की या क्लबच्या पाठीराख्यांचा एक गट टाकाऊ बुटांच्या टोप्या घालतो आणि छोट्या बटाट्यावरचं गाणं म्हणतो. मँचेस्टर सिटीशी त्यांचा सामना होता. लंडनच्या डेली मिररमध्ये सामन्याआधीच्या मजकुरात हे जसंच्या तसं छापून आलं. आता पुढची पायरी विचारात घ्या. मोठ्या वृत्तपत्रात छापलं गेलं म्हणजे विकिपीडियाच्या नियमाने तो स्रोत झाला. तोच मजकूर विकिपीडियावर परत आला असता तर खाली सणसणीत तळटीप असती, आणि फक्त तळटीप आहे की नाही हे बघणारा परीक्षक पुढे निघून गेला असता. यावेळी बटाट्याच्या गाण्याने घात केला. गोष्ट इतकी विनोदी नसती तर?

आपल्याकडची अशी वाक्यं विनोदी नसतात, अभिमानाची असतात, आणि म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. ‘१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डीचं प्रदर्शन झालं’ हे वाक्य घ्या. कधी कबड्डीच्या जागी खो-खो असतं, कधी मल्लखांब, कधी तिन्ही. वृत्तपत्रांत, स्मरणिकांत, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत, विश्वकोशांत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतं आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक त्या वर्षी बर्लिनला गेलं होतं, यात वाद नाही. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी काढलेल्या संस्थेने पारतंत्र्यात एवढी मजल मारली, हीच केवढी मोठी गोष्ट. पण त्या ऑलिंपिकच्या अधिकृत कार्यक्रमात प्रदर्शनीय खेळ म्हणून दोनच नावं आहेत, बेसबॉल आणि ग्लायडिंग. ऑलिंपिक समितीने एखादा खेळ कार्यक्रमात घेणं वेगळं आणि ऑलिंपिकच्या निमित्ताने जमलेल्या पाहुण्यांपुढे एका पथकाने आपले खेळ सादर करणं वेगळं. पहिलं म्हटलं तर विधान चुकीचं ठरतं, दुसरं म्हटलं तर ते खरं आणि सांगण्याजोगं ठरतं.

चांगला परीक्षक इथे काय करेल? वाक्य खोडणार नाही. विचारेल: कुठल्या तारखेला, कुठल्या जागी, कुणापुढे, नेमके कोणते खेळ? जर्मन वृत्तपत्रांत काही आलं का? मंडळाची स्मरणिका हा स्रोत आहे, पण तो स्वतःविषयीचा स्रोत आहे. त्या काळचं नागपूर-वऱ्हाडातलं एखादं वृत्तपत्र त्याच्या जोडीला उभं करता येईल का? हे प्रश्न विचारणं म्हणजे अमरावतीचा अपमान नाही. न विचारता सगळीकडे तेच वाक्य चिकटवत राहिल्यामुळेच बाहेरचा कुणी एक दिवस अधिकृत अहवाल उघडेल, बेसबॉल आणि ग्लायडिंग बघेल, आणि पथकाचा सगळा उल्लेखच दंतकथा म्हणून उडवून देईल. परीक्षण न करण्याची किंमत ही आहे.

खेळाच्या लेखात ‘पहिला’ हा शब्द दिसला की परीक्षकाने तिथे थांबलंच पाहिजे असं माझं मत आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. ‘भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक’ असं लिहिलं की नॉर्मन प्रिचर्डची १९०० ची पॅरिसमधली दोन रौप्यपदकं आडवी येतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या खात्यावर धरते. ‘स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक’ म्हटलं की वाक्य कुणाच्या बापाला हलवता येत नाही, आणि खाशाबांचं तसूभरही कमी होत नाही. त्यांच्या हेलसिंकी प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं, ही गोष्टही सगळीकडे येते. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती पहिल्यांदा कधी, कुठे छापली गेली एवढंच परीक्षकाने विचारावं. १९५२ च्या कोल्हापुरातल्या वृत्तपत्रात ती सापडली तर लेखाचं वजन केवढं वाढेल!

यावर नेहमीचा आक्षेप असा, की मराठी विकिपीडियावर आधी लेख तरी असू द्या, मग परीक्षणाच्या गप्पा मारा. मला हे पटत नाही. मराठी विकिपीडियावर क्रिकेट दौऱ्यांची पानं पोत्याने आहेत. कुठल्या देशाने कुठल्या वर्षी कुठे तीन वीस-षटकी सामने खेळले त्यांचे तक्ते आहेत. क्रिकेटपटूंवरची एका वाक्याची आणि एका माहितीचौकटीची पानंही भरपूर आहेत. लेखांची संख्या वाढवणं हेच ध्येय ठेवलं की असंच होतं, कारण तक्ता उतरवायला अर्धा तास लागतो आणि जुनं वृत्तपत्र शोधायला अख्खा दिवस. मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास महाविद्यालयांत विकिपीडियाच्या कार्यशाळा होतात. संध्याकाळी फळ्यावर किती नवे लेख झाले ते लिहितात, टाळ्या होतात. त्यांतले किती लेख वर्षभराने कुणी पुन्हा उघडले हा प्रश्न विचारणारा कार्यक्रमाचं वातावरण बिघडवतो, तरी तो विचारायला हवा. चाळीस विद्यार्थ्यांनी चाळीस नवे खुंट रोवण्यापेक्षा त्यांना कबड्डी, खो-खो, कुस्ती यांच्या आधीपासून असलेल्या लेखांतलं एकेक वाक्य द्यावं आणि ग्रंथालयात पाठवावं. दिवसाखेर वीस वाक्यांना खरा स्रोत मिळेल, दहा बदलावी लागतील, दहा निराधार म्हणून लेखाच्या चर्चा पानावर, म्हणजे संपादक जिथे मजकुरावर वाद घालतात तिथे, जातील. कार्यशाळेचा अहवाल यात कमी चकचकीत दिसेल, हे कबूल.

शिवाय बऱ्याच जणांचा एक गैरसमज आहे, की विकिपीडियाला इंटरनेटवरचाच दुवा लागतो. लागत नाही. छापील वृत्तपत्राचं नाव, तारीख, पान एवढं पुरतं. स्रोत इंग्रजीतच हवा अशीही अट इंग्रजी विकिपीडियावर नाही. कुणी शंका काढली तर मूळ मराठी ओळ आणि तिचा अनुवाद चर्चा पानावर द्यायचा. नियम आपल्या बाजूने आहेत. परीक्षक मात्र पुष्कळदा सवयीने ऑनलाइन इंग्रजी दुव्यालाच मान देतो, आणि समोरून मराठीत वाचून उत्तर देणारं कुणी नसेल तर ती सवयच नियम होऊन बसते. पीअर रिव्ह्यूच्या खिडकीत दोन-चार मराठी वाचणारी माणसं नियमितपणे बसली तरी हे बदलेल. त्यांना लेख लिहिता येण्याचीही गरज नाही. निवृत्त क्रीडाशिक्षक, जुने पंच, ग्रंथपाल हे काम आपल्यापेक्षा चांगलं करतील. आकडा चुकला की त्यांना वाचताक्षणी खटकतं.

परीक्षणाने एक गोष्ट मात्र होणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोन्ही संघांनी, अंतिम फेरीत नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्या आठवड्यात वृत्तपत्रांनी गुण छापले, सत्कार छापले, बक्षिसांच्या घोषणा छापल्या. पाठलाग करताना कोण कुठल्या बाजूने खो देत होतं, बचावात कोण किती वेळ टिकलं आणि का, याबद्दल फार थोडं छापून आलं. विकिपीडियावर स्वतःची निरीक्षणं लिहायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. खेळाडूने फोनवर सांगितलेली आठवणही तिथे स्रोत होत नाही. जे कुणी कधी छापलंच नाही त्याची तळटीप जगातला कुठलाही परीक्षक देऊ शकत नाही. तो मजकूर आज क्रीडा पत्रकारांनी लिहायचा आहे, ते खेळाडू अजून मैदानावर असताना.